ऐनवेळच्या माघारीचा भरवसा

सरकारी आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाच्या साधनांची जी यादी रंगवलेली असते, तिच्यात निरोध असतो, माला-एन असते, तांबी असते, अलीकडे तीन महिन्यांनी टोचून घ्यावयाचे ‘अंतरा’ आणि आठवड्याच्या ‘छाया’ गोळ्याही असतात. परंतु जे साधन विकत घ्यावे लागत नाही, ज्याच्यासाठी दुकानदारासमोर आवाज खाली आणावा लागत नाही आणि ज्याची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही, ते मात्र त्या भिंतीवर सहसा आढळत नाही. पाळणा लांबविण्यासाठी काय करता, असे डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर “काही नाही, हेच सांभाळतात” असे उत्तर येते, ते या साधनाविषयीचे असते. वीर्यस्खलनाच्या अगोदर पुरुषाने शिश्न बाहेर काढून घ्यावे आणि वीर्य योनीपासून दूर पडू द्यावे, एवढाच त्याचा विधी. शास्त्रीय भाषेत त्याला बहिःस्खलन म्हणता येईल.

हा उपाय जुना आहे. बायबलच्या उत्पत्तिपुस्तकात ओनानच्या कथेत तो निंदिलेला आढळतो. उलट इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी ‘अज़्ल’ या नावाने त्याची चर्चा केली, आणि त्यांपैकी पुष्कळांनी पत्नीची संमती असल्यास त्यास हरकत घेतली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस, रबरी साधने बाजारात येण्याच्या कितीतरी आधी, फ्रान्समधील जन्मप्रमाण उतरणीस लागले, त्याचे बरेचसे श्रेय लोकसंख्येचे इतिहासकार याच उपायाला देतात. आणि तुर्कस्तानात 2013 च्या पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चतुर्थांश स्त्रियांनी हेच साधन सांगितले होते. तेव्हा त्याला निव्वळ भाबडी समजूत म्हणून झिडकारणे अन्यायाचे होईल. काहीच न करणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे पंचाऐंशी जोडप्यांत वर्षभरात गर्भ राहतो; प्रत्येक वेळी, कसलीही चूक न करता माघार घेणाऱ्या शंभरांत मात्र पहिल्या वर्षी सुमारे चार ठिकाणीच राहतो.

पण हा चाराचा आकडा कागदावरच्या पुरुषाचा आहे. प्रत्यक्षातील पुरुष, जो कधी दमलेला असतो, कधी प्यालेला असतो, कधी नवखा असतो आणि कधी नुसताच उतावळा असतो, त्याचा हिशेब मांडला म्हणजे शंभरांत सुमारे वीस जोडप्यांत वर्षाच्या आत दिवस राहतात. निरोधाच्या बाबतीत हेच दोन आकडे अनुक्रमे दोन आणि तेरा आहेत. तांबीत मात्र दोन्ही आकडे एकाच्या आत राहतात, कारण एकदा बसविल्यावर तिच्या कामात कोणाच्या मनोनिग्रहाचा संबंध उरत नाही.

वार्षिक आकड्याने माणसाची नेहमी फसगत होते. वीस म्हणजे ऐंशी टक्के यश, असे तो मनाशी म्हणतो आणि निश्चिंत होतो. परंतु संसार एका वर्षाचा नसतो. दरवर्षी तोच धोका कायम राहतो असे ढोबळपणे धरले, तर शंभरांपैकी पहिल्या वर्षाअखेर ऐंशी जोडपी सुटतात, दुसऱ्याअखेर चौसष्ट, तिसऱ्याअखेर एक्कावन्न, चौथ्याअखेर एक्केचाळीस आणि पाचव्याअखेर तेहेतीस. वस्तुतः जी चुकणारी जोडपी असतात ती आधीच गळून जातात, म्हणून पुढची घसरण काहीशी मंदावते. तरीही पहिल्या आणि दुसऱ्या मुलात पाच वर्षांचे अंतर राखू इच्छिणाऱ्या दांपत्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या आणि 1921 साली याच शहरात संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्व्यांना लोकांनी नीतीच्या गोष्टी पुष्कळ सुनावल्या; त्यांच्या विषयातील ही साधी गुणाकाराची बाब समजून घेण्याची तसदी थोड्यांनी घेतली.

आता माघार चुकते कोठे? एक शंका सर्वांच्या ओठावर असते, ती उत्तेजनाच्या काळात वीर्यापूर्वी पाझरणाऱ्या द्रवाची. हा द्रव काउपर ग्रंथींतून येतो आणि त्या ग्रंथी शुक्रजंतू निर्माण करीत नाहीत. म्हणून तो निर्धोक, असे पूर्वी छातीठोकपणे सांगितले जाई. 2011 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तावीस पुरुषांचे नमुने तपासले, तेव्हा अकरांच्या द्रवात शुक्रजंतू सापडले आणि त्यांतील दहांच्या नमुन्यांत ते हालचाल करणारे होते. म्हणजे काहींच्या बाबतीत माघार बिनचूक घेऊनही धोका उरतो, आणि आपण त्या काहींपैकी आहोत की नाही, हे सांगणारे कोणतेही बाह्य लक्षण पुरुषाजवळ नसते. एकदा आत पोचलेला शुक्रजंतू अनुकूल दिवसांत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. म्हणून सोमवारच्या चुकीचे फळ शुक्रवारी धरू शकते. योनिद्वाराशी सांडलेले वीर्यही आत पोचू शकते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

तथापि माझ्या मते मुख्य दोष ग्रंथीचा नव्हे, वेळेचा आहे. निर्णय घेण्यास माणूस ज्या क्षणी सर्वांत अपात्र असतो, नेमक्या त्याच क्षणी त्याने निर्णय घ्यावा, अशी या साधनाची योजना आहे. त्यातही जोखीम एकाची आणि लगाम दुसऱ्याच्या हाती: चुकले तर पाळी स्त्रीची चुकते, दवाखान्याच्या बाकावर तीच बसते, आणि तिला मात्र त्या क्षणावर कसलाही ताबा नसतो. “सांभाळले” असे तो म्हणाला म्हणजे तिने ते मानावयाचे. पुरुषाने जबाबदारी घेतली, असे म्हणून या उपायाची तारीफ करणाऱ्यांनी 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीकडे नजर टाकावी. 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती, आणि पतीची नसबंदी झालेल्यांचे प्रमाण 0.3 टक्के होते. पुरुषाची ही शस्त्रक्रिया तुलनेने किरकोळ आणि हजारांत एखाद-दोन वेळाच फसणारी. पण ती टाळून रात्रीच्या वायद्यावर भागविणे त्याला अधिक पसंत पडते.

गुप्तरोग आणि एचआयव्ही यांविषयी फार लिहावयास नको. या उपायाच्या आधारे त्यांपासून बचाव होतो असे मानू नये.

चूक झालीच, तर तिचा खुलासा करीत बसण्यापेक्षा घड्याळाकडे पाहावे. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची तातडीची गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळते. ती 72 तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी, घ्यावी. पाच दिवसांच्या आत तांबी बसविणे हा तिच्याहूनही खात्रीचा उपाय आहे, आणि तोच पुढे काही वर्षे कामी येतो. पाळी लांबली तर तपासणी करावी. 1971 च्या गर्भपाताच्या कायद्यात गर्भनिरोधक साधन वा पद्धती फसल्याचे कारण विवाहितेपुरतेच मान्य होते. 2021 च्या दुरुस्तीने ते ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे झाले, आणि वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत त्यासाठी पुरते. दुकानातून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणून घरी प्रयोग करणे मात्र टाळावे.

ज्या दांपत्यास मूल लवकर झाले तरी चालणार आहे, त्याने सांभाळण्यावर खुशाल विसंबावे. काहीच न करण्यापेक्षा ते पुष्कळ बरे, आणि निरोधाच्या जोडीने केल्यास आणखी बरे. ज्यांना ते चालणारच नाही, त्यांनी येत्या आठवड्यात दोघांनी मिळून जवळच्या आरोग्यकेंद्रात जाऊन तांबी, अंतरा किंवा गोळ्यांविषयी विचारावे. सरकारी केंद्रात ही साधने विनामूल्य मिळतात.