बांधावरचा तेरडा आणि कड्यावरची माकुडी

भादवा आला की आपल्या कोयना खोऱ्यात बांधावर, उतारावर तेरडा फुलतो. गौरी आणायच्या दिवशी आपण तो मुळासकट उपटून घरी आणतो. तरी पुढच्या वर्षी तो तेवढाच उगवतो. असं का? तेरड्याचं पिकलेलं बोंड नुसता हात लागला तरी तडकतं आणि बी चहूकडे उडतं. पावसात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि सुकून जायचं. चार महिन्यांत त्याचा संसार आटोपतो.

आता दुसरं झाड बघू. त्याचं नाव शिंदळ माकुडी. दांडे जाड, रसाळ असल्यामुळे पुष्कळांना ते निवडुंगच वाटतं. पण निवडुंग मूळचा अमेरिकेतला. आपल्या कुंपणाचा फड्यासुद्धा तिकडूनच आला. माकुडी मात्र इथलीच, रुईच्या कुळातली. साऱ्या जगात ती फक्त महाराष्ट्रात, सज्जनगड, शिवनेरी अशा मोजक्या ठिकाणी कड्याकपारीला सापडते. उन्हाळ्यात ती पानं गाळते आणि दांड्यातल्या पाण्यावर तग धरते. पावसाळ्यात चांदणीसारखी, पाच पाकळ्यांची तांबूस फुलं येतात, वर पिवळे ठिपके. तिच्या 'फ्रेरिया' या शास्त्रीय नावात बार्टल फ्रिअर आहेत. ते आधी साताऱ्याला रेसिडेंट होते, १८६२ साली मुंबईचे गव्हर्नर झाले.

माकुडीचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं. पण ते नेमकं खडकाच्या फटीतल्या मूठभर मातीत पडलं तरच रुजतं. त्यात शेळ्या खातात, वणवा लागतो, दरड कोसळते. म्हणून एक झाड गेलं तर त्या जागी दुसरं येईलच असं नाही.

मध्यंतरी आमच्या गटाकडे एक माणूस आला. म्हणाला, "कड्यावरची झाडं काढून द्या, रोपामागे पैसे देतो." पैशाची गरज कुणाला नाही? आम्ही बसून बोललो आणि नाही म्हणालो. तेरडा उपटला तर बी मागे राहतं. माकुडी उपटली तर मागे नुसता खडक राहतो.

मग आपण काय करायचं? असं झाड दिसलं तर हात लावायचा नाही, जागेचा गवगवा करायचा नाही, वनरक्षकाला सांगायचं. गवतासाठी डोंगर पेटवायचा नाही. माकुडी दांड्याच्या तुकड्यापासूनही वाढते. म्हणून रोपवाटिका चालवणाऱ्या गटांनी वनखात्याशी बोलावं. परवानगीने, त्यांच्याकडूनच तुकडे घेऊन रोपं करता येतील.

गौरीला तेरडा खुशाल आणा. माकुडीला मात्र कड्यावरच नांदू द्या.