बऱ्या झालेल्या हृदयाची निगा

हृदयांत उपजत मोठा दोष असलेलें मूल पूर्वीं बहुधा अल्पायुषी ठरे. १९४४ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें अशा एका नीलवर्ण बालकावर शस्त्रक्रिया झाली, आणि पुढें हें चित्र पालटत गेलें. आपल्याकडे २०१३ च्या फेब्रुवारींत पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. अंगणवाड्या व शाळांतील तपासणीमुळें सातारा-सांगलीकडील खेड्यापाड्यांतूनही हे दोष ध्यानांत येऊं लागले. त्या वेळचीं सात-आठ वर्षांचीं मुलें आतां वयांत आलीं आहेत. परंतु हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच आहे. त्यापुढील निगा घरानेंच राखावयाची असते, आणि ‘शस्त्रक्रिया झाली, चिंता मिटली’ ही समजूत नेमकी येथें घात करते.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यांत एक लहानसें केंद्र आहे. तेथून निघणाऱ्या सूक्ष्म विद्युत्प्रेरणेनें हृदय विश्रांतींत मिनिटास ६० ते १०० वेळां आकुंचन पावतें. शस्त्रक्रियेची जखम भरली तरी व्रण राहतो. त्यांतून ही प्रेरणा वाहत नाहीं. ती वळसा घेते, आणि कृष्णेंत खडकाभोंवतीं भोंवरा पडावा तशी कधीं कधीं तेथेंच फिरत राहते. मग नाडी एकाएकीं १५० वर जाते. शस्त्रक्रियेस वीस-तीस वर्षें लोटल्यावरही असें घडतें.

धडधड, घेरी, दम लागणें हीं त्याचीं लक्षणें. घरांत त्यांना पित्त किंवा अशक्तपणा म्हणून सोडून देतात; तसें करूं नये. शुद्ध हरपल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. धडधड चालू असतांनाच मिरज, कऱ्हाड किंवा जवळच्या गांवीं कार्डिओग्राम काढून घ्यावा; ती थांबल्यावर त्यांत दोष दिसेलच असें नाहीं. या विकारावर औषधें आहेत. मांडींतील शिरेवाटें नळी नेऊन भोंवऱ्याची वाट उष्णतेनें बंद करतां येते. गति फार मंदावल्यास पेसमेकर बसवितात. रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊं नये म्हणून दिलेलें औषध आपल्या मतानें बंद करणें धोक्याचें आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस स्पष्ट सांगितली पाहिजे. मुलीचा विवाह जमवितांना शस्त्रक्रियेची हकीकत झांकण्याची चाल अनेक घरांत आहे. पुढें सासरीं तिला वार्षिक तपासणीसही जातां येत नाहीं. गरोदरपणांत शरीरांतील रक्त जवळजवळ दीडपट होतें व हृदयावरील भार वाढतो. यास्तव त्यापूर्वींच तज्ज्ञांचा सल्ला आवश्यक आहे. वर असो वा वधू, ही हकीकत दोन्ही घरांनीं आधींच मोकळेपणानें बोलावी.

शस्त्रक्रियेचे कागद व जुने कार्डिओग्राम घरांतील वडीलधाऱ्यांनीं एकत्र जपून ठेवावे, मुलगा किंवा मुलगी जाणती होतांच तिच्या स्वाधीन करावे, आणि कांहीं त्रास नसला तरी जन्मजात हृदयदोषांच्या जाणकाराकडून वर्षांतून एकदां तपासणी करवावी.