लहान सागरी मत्स्यालयातील माशांची संख्या

लहान सागरी मत्स्यालयात किती मासे ठेवता येतात, हे टाकीतील प्रत्यक्ष पाणी, अमोनियाचे विघटन करणारे जिवाणू, पाण्यात विरघळलेला प्राणवायू आणि माशांचा स्वभाव यांवर ठरते. साधारणपणे १०० लिटरपर्यंतच्या खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीला लहान सागरी मत्स्यालय किंवा नॅनो टाकी म्हणतात. ५० ते ६० लिटरच्या टाकीत छोट्या जातींचे दोन, फार तर तीन मासे ठेवणे सुरक्षित मानले जाते. तेवढ्याच गोड्या पाण्यात दहा-बारा गप्पी सहज राहतात. जास्त मासे घालण्याची चूक बहुधा याच तुलनेतून होते.

खाऱ्या पाण्याच्या मर्यादा

समुद्राच्या पाण्यात दर किलोग्रॅममागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. क्षार वाढले की पाण्यात विरघळू शकणारा प्राणवायू कमी होतो. २५ अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅम.

दुसरी अडचण अमोनियाची आहे. मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात; उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी आयनीभवन न झालेले रूप माशांना अधिक घातक असते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास असल्यामुळे सामू ७ असलेल्या पाण्याच्या तुलनेत या घातक रूपाचे प्रमाण सुमारे दहापट होते. म्हणजेच गोड्या पाण्यात खपून जाणारी अमोनियाची मात्रा येथे मासे मारू शकते.

खडक, वाळू व गाळणीच्या पृष्ठभागावर वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी विषारी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यांची संख्या मिळणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणातच वाढते. त्यामुळे एका माशाला पुरणारी टाकी दुसऱ्या दिवशी चार माशांना पुरत नाही.

बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, क्षार मागे राहतात. ५० लिटरमधून २ लिटर पाणी उडाले, तर क्षारता ३५ वरून ३६.५ च्या जवळ जाते; ५०० लिटरच्या टाकीत तेवढ्याच घटीने जाणवण्याजोगा फरक पडत नाही. ही तूट गोड्या, शुद्ध पाण्याने भरून काढावी लागते.

लांबीचा नियम

दर ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पाण्यामागे एक इंच (२.५ सेंटिमीटर) मासा, असा एक ठोकताळा हौशी मत्स्यपालकांत प्रचलित आहे. सावधगिरीची खूण म्हणून तो ठीक असला, तरी त्यात मूलभूत दोष आहे. माशाचे वजन लांबीच्या प्रमाणात वाढत नाही, तर ढोबळमानाने लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १२ सेंटिमीटरचा एक मासा आणि ३ सेंटिमीटरचे चार मासे या नियमाने सारखेच. मात्र तो एक मासा त्या चौघांच्या एकत्रित वजनाच्या सुमारे १६ पट भरतो. शिवाय लांबी पूर्ण वाढलेल्या माशाची धरावयाची असते, दुकानात दिसणाऱ्या पिल्लाची नव्हे. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) या चित्रपटातील डोरीमुळे लोकप्रिय झालेला निळा टँग चार-पाच सेंटिमीटरचा असताना विकला जातो, पण तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. नॅनो टाकीत त्याला एकटाही ठेवू नये.

पाणी मोजतानाही फसगत होते. ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची टाकी हिशेबाने सुमारे ६५ लिटरची भरते. वर चार सेंटिमीटर मोकळी जागा सोडली की ७ लिटर वजा होतात. वाळू आणि आठ-दहा किलो खडक धरल्यावर प्रत्यक्ष पाणी ५० लिटरच्या आसपास उरते. माशांचा हिशेब याच आकड्यावर करावा.

स्वभाव आणि हद्द

पाणी स्वच्छ असले, तरी मासे एकमेकांना जगू देतील असे नाही. प्रवाळखडकांवरील अनेक मासे हद्द राखतात. मोकळ्या समुद्रात हरलेला मासा दूर निघून जातो, टाकीत त्याला ती सोय नसते.

ओसेलारिस क्लाउनफिश हे याचे बोलके उदाहरण होय. हे मासे प्रथम नर म्हणून वाढतात. गटातील सर्वांत मोठा व वरचढ मासा मादी होतो आणि दुसऱ्या क्रमांकाचा प्रजननक्षम नर. निसर्गात एकाच समुद्रफुलात या जोडीसोबत काही दुय्यम मासेही राहतात, कारण त्यांची चढण ठरलेली असते. लहान टाकीत मात्र तिसऱ्या माशाचा बहुधा छळ होतो. तो कोपऱ्यात दबून राहतो, अन्नापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी तिघांपेक्षा दोघेच बरे, हे गणित पाण्याचे नसून नात्याचे आहे.

डॅमसेल मासे काटक व स्वस्त असतात. पूर्वी नवी टाकी तयार करण्यासाठी तेच वापरत. परंतु त्यांपैकी अनेक जाती इतक्या आक्रमक असतात की नंतर येणाऱ्या शांत माशांना टाकीत जागा उरत नाही. आज अमोनियाचा स्रोत वेगळा घालून, माशांविनाच टाकी तयार करणे योग्य समजले जाते. मँडरिन माशाची गोष्ट निराळी. तो कोणाला त्रास देत नाही, पण सूक्ष्म कोपेपॉड हे त्याचे मुख्य अन्न असून लहान टाकीतील साठा लवकर संपतो आणि मासा उपाशी मरतो.

क्लाउनफिशची जोडी आणि तळाशी राहणारा एखादा लहान गोबी ही मांडणी त्यामुळेच रूढ आहे. दोन्ही जाती टाकीचे वेगवेगळे भाग वापरतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात क्लाउनफिशचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे. असे मासे तयार अन्नाला सरावलेले असतात. समुद्रघोडे आणि कठीण प्रवाळ यांना भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण असल्याने घरच्या टाकीत त्यांचा विचार करता येत नाही.

मासे सोडण्याचा क्रम

सर्वांत शांत मासा आधी आणि हद्द राखणारा शेवटी सोडतात. दोन माशांमध्ये दोन ते चार आठवडे जाऊ देतात व दरम्यान अमोनिया आणि नायट्राइट शून्य असल्याची चाचणीने खात्री करतात. नायट्रेट पाणी बदलून कमी करावे लागते. नियमित पाणी बदलूनही ते वाढतच राहिले, तर टाकीत मासे किंवा त्यांचे अन्न जास्त झाले आहे असे समजतात.

उन्हाळा आणि वीजपुरवठा

महाराष्ट्रातील उन्हाळ्यात बंद खोलीतील टाकीचे पाणी ३० अंशांवर जाऊ शकते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आणखी कमी मावतो, तर माशांची गरज वाढते. त्यातच वीज गेली की पंप बंद पडतो आणि पाण्याचा पृष्ठभाग हलेनासा होतो. कमी मासे असलेल्या टाकीत प्राणवायू अधिक वेळ टिकतो. ज्या भागात भारनियमन होते, तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवतात आणि वीज येईपर्यंत माशांना अन्न घालत नाहीत.