मिठाच्या पिशवीचा हिशेब

पेण-रोह्याकडच्या गावांत एक समज घट्ट बसलेला आहे: बीपी हा खुर्चीत बसणाऱ्यांचा आजार; चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्याला तो कुठून होणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या दर शंभरांत साधारण २१ स्त्रिया आणि २४ पुरुषांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना त्यासाठी गोळी चालू होती. शहर आणि खेडे यांतला फरक जेमतेम तीन-चार टक्क्यांचा निघाला. अंगमेहनतीने रक्तदाब उतरतो, हे खरेच. पण शेतात कमावलेले आपण ताटात घालवतो, असे माझे म्हणणे आहे.

याच भागातल्या रामवाडीच्या आसपासचे ताट पाहा. इथला पापड नावाजलेला, पण त्यात मीठ असतेच, शिवाय पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच. सुक्या मासळीला मात्र सरसकट दोष देऊ नये. बोंबील-जवळा बहुधा नुसत्या उन्हात वाळवतात. मिठात मुरवलेला असतो तो खारा बांगडा. गरिबाच्या घरात प्रथिने येतात ती या सुकटीतून, तेव्हा ‘मासळी बंद’ असा सल्ला देणे अन्यायाचे आहे. खारी मासळी पाण्यात भिजत घालावी, ते पाणी ओतून द्यावे आणि कालवणात मीठ घालण्याआधी चव बघावी. त्यात हल्ली वेफर-फरसाणाची पाकिटे आली आणि बायकांची मशेरी आहेच. तिच्यातले निकोटिन घटकाभर रक्तदाब चढवते. दिवसातून चार वेळा मशेरी लावणारीने दवाखान्यात ते आपणहून सांगायला हवे, कारण तिला सहसा कोणी विचारत नाही.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, ‘आमचे आजे हेच खाऊन नव्वदी गाठून गेले.’ गाठली त्यांची आठवण राहिली. पन्नाशीत अर्धांगवायूने अंथरूण धरलेल्यांचा रक्तदाब कोणी मोजलाच नव्हता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: घामावाटे मीठ जाते, ते भरून नको का काढायला? हवे. पण उन्हाची सवय झालेले शरीर घामातले मीठ राखायला शिकते, त्यामुळे रोजच्या जेवणातले मीठ बहुतेकांना पुरते. मीठ बदलल्याने काय होते, हे पाहायला चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला, बाकीचे साठीपुढचे, रक्तदाब वाढलेले. निम्म्या गावांना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले, तर २०२१ च्या निष्कर्षांनुसार तिथे पक्षाघात सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाले. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर. पाच मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलो, तेही पापड, लोणचे आणि फरसाण धरून. किलोची पिशवी महिना संपायच्या आत रिकामी होत असेल, तर त्या घराचे मीठ नक्कीच जास्त आहे. पण मीठ कमी केले म्हणून गोळी सोडायची नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ असतात. वाढलेला रक्तदाब मात्र बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या मिळतात. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने, धडधाकट असला तरी, वर्षातून एकदा दंडाला पट्टा बांधून घ्यावा आणि आकडा १४०/९० च्या वर गेला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्यावा.