छातीतून बसलेला आवाज

झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्यात ‘गला बैठ गया’ म्हणतात, आपल्याकडे ‘घसा बसला’. उपायही सारखेच: मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळद-दूध, चार दिवस कमी बोलणं. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. पण काहींचा आवाज बसतो तो छातीतल्या दुखण्यामुळे.

1897 साली व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी हे नेमकं मांडलं. त्यांच्या रुग्णांची हृदयातली माइट्रल झडप आकसली होती आणि डावा स्वरतंतू लुळा पडला होता. हृदयाची फुगलेली डावी कर्णिका स्वरतंतू हलवणारी नस दाबते, असं त्यांना वाटलं. पुढच्या अभ्यासकांनी वेगळं कारण पुढे केलं: महाधमनी आणि फुगलेली फुप्फुस धमनी यांच्या बेचक्यात ती नस चेपली जाते.

डावीच का? उजवी नस गळ्याच्या तळाशी वळते. डावी मात्र छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिकेच्या कडेने पुन्हा वर चढते. तपासताना डॉक्टर ‘ई’ म्हणायला लावतात. उजवा स्वरतंतू मध्यापर्यंत येतो, डावा जागचा हलत नाही. मधल्या फटीतून हवा निसटते. आवाज फुसका येतो, पाणी पिताना ठसका लागतो.

आपल्या देशात या कहाणीला दुखरी बाजू आहे. लहानपणी जंतूंमुळे घसा दुखतो, त्यातून संधिवाताचा ताप येतो, तो झडप खराब करतो आणि काही रुग्णांत ती झडप पुन्हा घशातला आवाज नेते. पाश्चात्त्य देशांत ही झडप आकसायला बरीच वर्षं जात. दिल्लीच्या सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये दाखवलं, की भारतात विशीच्या आतल्या मुलांतही ती घट्ट आकसलेली असते. पेनिसिलिन हाताशी असताना हे व्हावं, याची हळहळ वाटते.

उपचार मात्र पुढे सरकले. 1950च्या दशकात मुंबईच्या केईएम आणि वेल्लोरमध्ये बंद हृदयावर झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. 1984 मध्ये जपानच्या कांजी इनोउए यांनी फुग्याने झडप उघडण्याची रीत प्रसिद्ध केली आणि ती भारतात रुजली. 

आज वयस्कांत महाधमनीच्या कमानीचा फुगवटाही हीच नस दाबतो. दाब लवकर निघाला तर आवाज परत येऊ शकतो. उशीर झाला तर नस सावरेलच असं नाही.

म्हणून घसा तीन-चार आठवडे बसलेलाच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, आणि जिना चढताना धाप लागत असेल तर तेही त्यांना सांगा.