भिवापूरकर कुठले?

भिवापूरकर आडनावाचा माणूस भेटावा म्हणून कुणी भिवापूरला निघाले असेल, तर त्याने तिकिटाचे पैसे वाचवावेत. नागपूरहून उमरेड, उमरेडहून नागभीडच्या रस्त्याला लागले की जिल्हा संपता संपता हे तालुक्याचे गाव लागते. तिथे मिरची मिळेल, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. २०१९ पर्यंत इतवारीहून नागभीडला जाणारी नॅरोगेजची गाडीही तिथे थांबायची. पण भिवापूरकर भेटण्याची शक्यता नेमकी तिथेच सगळ्यांत कमी. हे आडनाव ठळक अक्षरांत पाहायचे, तर अमरावती गाठावी. तिथल्या डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालयाच्या नावात ते आहे.

कारण उघड आहे. गावात सगळेच त्या गावचे. तिथे माणूस ओळखला जातो बापावरून, धंद्यावरून, फार तर एखाद्या खोडीवरून. तोच माणूस बिऱ्हाड हलवून दुसऱ्या गावी गेला की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, 'कुठले?' जे उत्तर मिळते तेच त्याला चिकटते. 'कर' आपण लावून घेत नाही, दुसरे लावतात. त्यामुळे ग्रामवाचक आडनाव हे घराण्याचा पत्ता सांगत नाही. ते घराणे कुठून उठले, एवढेच सांगते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्या नागपुरातच आहे. 'नागपूरकर भोसले' हा शब्द इतिहासाच्या पुस्तकांत इतका रुळला आहे की त्यातली गंमत कुणाच्या लक्षात येत नाही. नागपुरात बसून राज्य करणाऱ्याला नागपुरात नागपूरकर म्हणायचे कारण काय? ते कारण पुण्या-साताऱ्याला होते. तिथे सातारकर भोसले होते, कोल्हापूरकर होते, अक्कलकोटकर होते, तंजावरकर होते. एका भोसल्याला दुसऱ्यापासून वेगळे काढायला गाव जोडणे भाग होते. आणि हेच रघूजींचे घराणे वऱ्हाडात-नागपुरात येण्याआधी हिंगणीकर होते! मुक्काम बदलला तशी शेपटी बदलली. आडनाव वाड्याच्या दाराला ठोकलेले असते, हा समज या एका घराण्यानेच निकालात काढला आहे.

वतनदारांची गोष्ट थोडी वेगळी. ज्याचे वतन ज्या गावी, तो त्या गावचा 'कर' म्हणून मिरवतो, आणि तो गावात राहूनही मिरवू शकतो. पण वतन सांगायचे असते ते दरबारात, म्हणजे पुन्हा गावाबाहेरच.

गावावरून आडनाव ही रीत इटलीतही आहे, आणि तिथे आडनावांच्या अभ्यासाला मोठी प्रतिष्ठा आहे. एमिदियो दे फेलिचे या भाषाशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये इटालियन आडनावांचा कोश काढला आणि १९८० मध्ये टेलिफोन डिरेक्टऱ्या समोर घेऊन कोणते आडनाव किती, याची मोजणी छापली. पुढे २००८ मध्ये एन्झो काफारेल्ली आणि कार्ला मार्कातो यांचा त्याहून मोठा कोश आला. रोमानो, मिलानेसे, नापोलितानो ही त्यांची ग्रामवाचक आडनावे. न्याय आपल्यासारखाच: मिलानचा माणूस मिलानेसे झाला तो मिलान सोडल्यावर. अपवाद मात्र नामांकित आहे. २००६ ते २०१५ या काळात इटलीचे राष्ट्राध्यक्ष असलेले जॉर्जो नापोलितानो यांचा जन्म नेपल्सचाच. फिरून गावी आलेले आडनाव म्हणा की आणखी काही. नियमाला असा एखादा माणूस हवाच.

त्यांचे काम सोपे झाले ते कागदांमुळे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवायला सांगितली. पाद्रीबाबाने एकदा लिहिले की ते नाव पिढ्यान्‌पिढ्या तसेच उतरत गेले. नेपल्समध्ये आज सर्वाधिक आढळणारे एस्पोझितो हे आडनाव तर अनाथालयाच्या दारातून आलेले आहे. अनुंत्सियाता या संस्थेच्या भिंतीत एक फिरता लाकडी कोनाडा होता; नकोसे मूल त्यात ठेवून बाहेरचा माणूस निघून जायचा. तो कोनाडा १८७५ मध्ये बंद झाला, पण अशा मुलांना दिलेले आडनाव आजही शहराच्या माथ्यावर आहे. एखादे आडनाव उदंड का आणि एखादे दुर्मिळ का, याचे उत्तर पुष्कळदा घराण्याच्या पराक्रमात नसते. कारकुनाच्या लेखणीत असते.

आपल्याकडे पॅरिशची वही नाही. पूर्व विदर्भात तिच्या जागी आहे कोतवाल पंजी.

ज्याने जातपडताळणीची फाइल केली आहे, त्याला हा शब्द समजावून सांगायला नको. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर ठेवायचा. त्या नोंदींची वही म्हणजे कोतवाल पंजी. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज टाकायचा, गाव आणि साल सांगायचे, मग पिवळी पडलेली, कडा तुटलेली बाडे उघडली जातात आणि नक्कल मिळते. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. त्यापायी आमच्या भागातल्या किती घरांना पणजोबांचे नाव पहिल्यांदा कळले असेल! एरवी आजोबांच्या पुढे आमची वंशावळ जात नाही.

आता त्या वहीत आडनाव शोधा. नोंद असते ती अशा धाटणीची: अमका वल्द तमका, जात अमुक, साकिन भिवापूर. 'वल्द' म्हणजे बापाचे नाव आले, जात आली, राहण्याचे गाव आले, आणि आडनावाची जागाच नाही. बंदोबस्ताच्या कागदांतही तीच तऱ्हा. मालगुजाराला आणि सरकारला माणूस ओळखायला एवढे पुरत होते. जुन्या नोंदीत आडनाव दिसत नाही म्हणून गोंधळून जाणारे अर्जदार मी पाहिले आहेत. त्यांना वाटते, नक्कल चुकली. नक्कल बरोबर असते, आडनाव नंतरचे असते.

ते आले बहुतेकांच्या बाबतीत शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातून. मास्तरांपुढे रकाना होता आणि तो भरणे भाग होते. कुणी कुळाचे नाव सांगितले, कुणी धंद्याचे, आणि परगावाहून आलेल्याने गावाचे. इथे एका नोंदीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात तो १९१४ क्रमांकावर आहे, नाव भिवा रामजी. घराणे सकपाळांचे, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, म्हणून आंबडवेकर. त्याचे आंबेडकर झाले ते एका शिक्षकांच्या आडनावावरून, असे सर्वत्र सांगितले जाते. सातारच्या शाळेत शिकणारा, कोकणातल्या गावाचे नाव लावणारा आणि 'भिवा' म्हणून हाक मारला जाणारा हा मुलगा. ग्रामवाचक आडनाव कसे घडते, कसे घासले जाते आणि कसे कायमचे होते, हे एवढ्या एका नोंदीत आहे. राज्य सरकार आता तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते.

भिवा हे भीमाचे घरगुती रूप. असे नाव एकाच गावाच्या वाट्याला यावे, असे थोडेच आहे? चंद्रपूर शहरात भिवापूर नावाचा वॉर्ड आहे. तिकडे कर्जतजवळ मध्य रेल्वेवर भिवपुरी रोड स्टेशन आहे. विदर्भात या नावाची लहान खेडीही आहेत. म्हणजे दोन भिवापूरकर एका लग्नात भेटले आणि 'आपण एकच' म्हणून गळ्यात पडले, तर घाई करू नये. ग्रामवाचक आडनावाने भाऊबंदकी सिद्ध होत नाही. जातही सिद्ध होत नाही. एकाच गावातून शिंपी उठला असेल, ब्राह्मण उठला असेल, विणकर उठला असेल. दुसऱ्या गावाने तिघांनाही एकच शेपटी लावली असेल. कुलदैवत विचारा, देवक विचारा, मग बोला.

शिवाय पूर्व विदर्भात गावावरून आडनाव करायच्या तऱ्हाही एकाहून जास्त. उमरेडकर, पौनीकर, चिमूरकर हे झाले 'कर'वाले. पण नागपूरवरून नागपुरे, रायपूरवरून रायपुरे आणि रामटेकवरून रामटेके झाले. रामटेके हे तर आमच्याकडे गल्लोगल्ली आढळणारे आडनाव, आणि गंमत पाहा, रामटेककर म्हणणारा शोधावा लागतो. त्यापलीकडे चंद्रपूर-गडचिरोलीकडे मुनगंटीवार, वडेट्टीवार ही 'वार'वाली मंडळी. ते तेलुगूतले आदराचे 'वारु'. मडावी, आत्राम, उईके ही गोंडांची कुळे. त्यांना गावाची गरजच नाही, त्यांचे नाते देवसंख्येशी. इतक्या प्रकारांच्या गर्दीत 'कर'ला कोकणासारखे रान मोकळे मिळाले नाही. पुण्या-मुंबईचे लोक प्रत्येक मराठी माणसाच्या नावामागे 'कर' शोधतात, ते विदर्भ न पाहिल्याचे लक्षण.

मग भिवापूरकर आहेत तरी किती? या प्रश्नाला आकडा देणारी संकेतस्थळे आहेत, जगात अमुक इतके आणि दर अमुक लाखांत एक असे ठोकून देणारी. त्यावर विश्वास ठेवू नये. आपली जनगणना आडनावांची संख्या प्रसिद्ध करत नाही. उरते मतदार यादी. ती चांगली आहे, पण तीत फक्त अठराच्या वरचे, आणि लेखन हरघडी वेगळे. साहित्य महामंडळाच्या नियमाप्रमाणे गावाच्या नावातले 'पूर' दीर्घ, म्हणून भिवापूरकर. यादीत तोच माणूस भिवापुरकर होतो आणि इंग्रजी यादीत 'व'साठी कुणी व्ही लिहितो, कुणी डब्ल्यू. एकाच घरातल्या दोन भावांची आडनावे संगणकाच्या लेखी दोन होतात.

याहून मोठी मेख बायकांच्या नावात आहे. इटलीत लग्नानंतर बाई व्यवहारात माहेरचेच आडनाव लावते. २०२२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तर मुलाला आई-बाप दोघांचे आडनाव मिळावे, असा निकाल दिला. म्हणून तिथे आडनाव मोजले की जन्माचे घराणे मोजले जाते. आपल्या यादीत भिवापूरकर म्हणून सापडलेल्या बायकांपैकी बहुतेक जणी दुसऱ्या घरांतून आलेल्या, आणि भिवापूरकरांच्या लेकी कुठल्या कुठल्या आडनावांखाली गेलेल्या. मोजणाऱ्याने पुरुष आणि अविवाहित मुली वेगळ्या काढल्या नाहीत, तर त्याचा आकडा घराण्याबद्दल काहीच सांगत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात राज्य सरकारने आईचे नाव आणले आहे, पण आईचे आडनाव नव्हे.

दुर्मिळ आडनावाला एक धोकाही असतो आणि त्याचे गणित जुने आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये एका शैक्षणिक नियतकालिकात कोडे घातले: आडनाव फक्त मुलाकडून पुढे जात असेल, तर ते नामशेष होण्याची शक्यता किती? हेन्री विल्यम वॉटसन या पाद्र्याने त्याचे उत्तर मांडले. आज लोकसंख्याशास्त्रापासून अणुविज्ञानापर्यंत ते गणित गाल्टन-वॉटसन प्रक्रिया म्हणून शिकवतात. थोडक्यात, दर पिढीला बापामागे सरासरी एकच मुलगा असेल, तर आडनाव केव्हा ना केव्हा बुडतेच. आणि सुरुवातीची घरे थोडी असतील तर लवकर बुडते. रामटेके बुडणार नाहीत. भिवापूरकरांच्या घरी आता एक-दोन अपत्यांचा काळ आहे, आणि ती अपत्ये मुलीही असू शकतात.

मला वाटते, हे आडनाव दुर्मिळ राहिले याचे कारण गाव लहान होते एवढेच नाही. भिवापूरहून निघालेल्याला उमरेड जवळ, पवनी जवळ, नागपूरही फार लांब नाही. इतक्या जवळच्या माणसाला कुणी फारसे परका धरत नाही, त्याची जुनी ओळख त्याच्याबरोबर येते. शेपटी लागते ती लांब गेलेल्याला. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हापासून आसपासच्या तालुक्यांतून कामाला आलेल्यांची संख्या मोठी. पण ते आले टोळक्याने, आपापल्या जातीच्या वस्तीत, आपापल्या कुळाच्या नावाने. एकटा निघून वऱ्हाडात, अमरावतीकडे गेलेला मात्र भिवापूरकर होऊ शकतो. हा माझा तर्क आहे, पण हे आडनाव अमरावतीला दिसते आणि भिवापुरात शोधावे लागते, हे त्याच्याशी जुळते.

तो तपासायचा उपाय भिवापूरकरांच्याच हाती आहे. ज्यांच्या घरी हे आडनाव आहे, त्यांनी आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तीन गोष्टी विचाराव्यात: कुलदैवत कोणते, भिवापूर कोणत्या जिल्ह्यातले, आणि तिथून कोण निघाले. मग आजोबांच्या शाळेतल्या दाखलखारीजचा उतारा आणि त्या तहसिलीतल्या कोतवाल पंजीची नक्कल काढावी. अर्ज करताना आडनावाने शोधायला सांगू नये, 'वल्द' सांगावे. कागद टिकलेत तोवरच हे करावे लागेल. बाडांच्या कडा दर पावसाळ्याला झडताहेत.