गोळीबार थांबेपर्यंत रक्त थांबत नाही

२० एप्रिल १९९९. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थी बंदुका घेऊन शिरले आणि दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडू लागले. मुलांना सावध करत बाहेर काढणाऱ्या एका शिक्षकाला गोळ्या लागल्या. त्याला विज्ञानाच्या वर्गात नेण्यात आले. मुलांनी आपल्या अंगातले शर्ट काढून त्याच्या जखमांवर दाबून धरले. आत एक जण रक्तस्रावाने मरतो आहे, असा फलक त्यांनी खिडकीत लावला.

बाहेर पोलीस होते, अॅम्ब्युलन्स होत्या, प्रशिक्षित कर्मचारीही होते. पण त्या वर्गापर्यंत वेळेत कुणी गेले नाही. हल्लेखोरांनी पहिल्या तासाभरातच स्वतःला संपवले होते, हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हते. मदत त्या वर्गापर्यंत पोहोचायला तीन तासांहून अधिक वेळ लागला. शिक्षकाचा तिथेच मृत्यू झाला. त्या दिवशी त्या शाळेत १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक मारले गेले.

अॅम्ब्युलन्सचे कर्मचारी भित्रे होते का? मुळीच नाही. ते शिकवल्याप्रमाणेच वागत होते. जागा सुरक्षित झाल्याखेरीज आत पाऊल टाकायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. नियम चुकीचाही नव्हता, कारण मदत करणाराच जखमी झाला तर एकाऐवजी दोघांना उचलावे लागते. पण मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांतच दगावू शकतो. पोलीस इमारतीचा कानाकोपरा तपासेपर्यंत तो थांबू शकत नाही. या दोन सत्यांच्या मधल्या जागेत काम करण्यासाठी जो कर्मचारी तयार केला जातो, त्याला टॅक्टिकल मेडिक म्हणतात.

रणांगणावर शिकलेला धडा

या प्रशिक्षणाचे मूळ लष्करात आहे. फ्रँक बटलर हे आधी अमेरिकन नौदलाच्या सील कमांडो दलात होते, पुढे ते नेत्रतज्ज्ञ झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. व्हिएतनाम युद्धातील मृत्यूंचा अभ्यास तोवर झालेला होता. जे सैनिक वाचवता आले असते त्यांच्यात सर्वाधिक मृत्यू हातापायांच्या जखमांतून रक्त वाहून गेल्यामुळे झाले, असे त्यातून दिसत होते. म्हणजे ज्या जखमेवर वेळीच एक पट्टा आवळला असता तर भागले असते, त्याच जखमेने माणसे गेली होती.

हा पट्टा म्हणजे टूर्निकेट. जखमेच्या वर हातापायाभोवती तो गुंडाळायचा आणि त्यातली दांडी पिळून रक्त बंद होईपर्यंत आवळायचा. त्या काळी शहरातल्या प्रथमोपचारात टूर्निकेटला जवळजवळ बंदीच होती. पट्टा बांधला की हातपाय कापावा लागतो, ही समजूत घट्ट बसली होती. बटलर यांच्या गटाने उलट सांगितले. गोळीबार चालू असताना करण्यासारखा उपचार बहुधा एकच असतो, टूर्निकेट. बाकी सगळे आडोशाला पोहोचल्यावर. त्यांनी उपचारांचे तीन टप्पे पाडले: गोळीबार चालू असताना, आडोशाला आल्यावर, आणि रुग्णालयाकडे नेताना. योग्य उपचार चुकीच्या वेळी केला तर तोही जीवघेणा ठरतो, हा त्या मांडणीचा गाभा.

पुढे ही मांडणी कसाला लागली ती इराकमध्ये. त्या युद्धाबद्दल आपले मत काहीही असो, तिथे मिळालेले वैद्यकीय ज्ञान आज साऱ्या जगाच्या उपयोगाचे आहे. वैद्यकशास्त्राचा महान पंडित इब्न सिना याचे नाव धारण करणाऱ्या बगदादच्या रुग्णालयात अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी २००६ साली टूर्निकेट बांधलेल्या २३२ रुग्णांची नोंद ठेवली. रक्त फार जाऊन शरीर गळून पडण्याआधी ज्यांना पट्टा बांधला गेला त्यांच्यातले ९० टक्के वाचले. नंतर बांधला त्यांच्यातले फक्त १० टक्के. आणि केवळ पट्ट्यामुळे हात किंवा पाय गमावल्याचे एकही उदाहरण आढळले नाही.

दुसरी नोंद अमेरिकेच्या रेंजर रेजिमेंटची. तिथे केवळ वैद्यकीय कर्मचाऱ्यांनाच नव्हे, तर प्रत्येक सैनिकाला हे शिकवले गेले. २००१ ते २०१० या काळात लढाईत जखमी झालेल्या ४१९ जणांची तपासणी झाली. रुग्णालयाबाहेर टाळता आला असता असा एकही मृत्यू त्यांत सापडला नाही.

शाळा म्हणजे रणांगण नव्हे

पण लष्कराचे नियम जसेच्या तसे शहरात चालत नाहीत. सैनिक धडधाकट आणि तरुण असतो, त्याच्या अंगात चिलखत असते. शाळेत लहान मुले असतात, बाजारात गरोदर स्त्रिया आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे वृद्धही असतात. शिवाय नागरी कर्मचारी राज्याच्या परवान्यावर आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतो. म्हणून २०११ साली एक स्वतंत्र समिती स्थापन झाली आणि तिने नागरी जीवनासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली.

या पद्धतीत घटनास्थळाचे तीन भाग धरतात. जिथे हल्लेखोर समोर आहे तो धोक्याचा भाग. जिथून तो पुढे गेला आहे, पण परत येण्याची भीती आहे, तो मधला भाग. आणि बाहेरचा सुरक्षित भाग. कोलंबाइनच्या वेळी मधला भाग कुणी मोजलाच नव्हता. पुढे व्हर्जिनियातील आर्लिंग्टन काउंटीच्या अग्निशमन दलाने अशी पथके उभी केली की, पॅरामेडिक चिलखत घालून, पुढेमागे सशस्त्र पोलीस घेऊन या मधल्या भागात जातात. रक्त थांबवतात, जखमीला बाहेर काढतात आणि पुढच्याकडे वळतात. सलाईन लावत बसणे, इतिहास विचारणे, हे सगळे बाहेर आल्यावर.

प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र

नागरी कर्मचाऱ्यांसाठीचा सर्वांत परिचित अभ्यासक्रम १६ तासांचा, म्हणजे साधारण दोन दिवसांचा आहे. त्यात व्याख्यान कमी आणि सराव जास्त. एका हाताने स्वतःच्याच दंडावर टूर्निकेट आवळणे. काखेत किंवा जांघेत, जिथे पट्टा बसत नाही, तिथे जखमेच्या तळापर्यंत गॉझ ठासून भरणे आणि दाबून धरणे. छातीला भोक पडले असेल तर ते झाकणे. बेशुद्ध माणसाला ओढत आडोशाला नेणे. रक्त गेलेले शरीर गार पडू लागले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, म्हणून जखमीला पांघरूण घालणे. क्रम ठरलेला असतो: आधी मोठा रक्तस्राव, मग श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग ऊब. शेवटी अंधार, आरडाओरडा आणि धावपळ उभी करून परीक्षा घेतात. शांत वर्गात येणारी गोष्ट तिथे हातून होते का, हेच पाहायचे असते.

दोन दिवसांनंतर मिळते ते अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. त्याहून वेगळी आहे मंडळाची परीक्षा. परवानाधारक पॅरामेडिकसाठी टॅक्टिकल पॅरामेडिक अशी स्वतंत्र परीक्षा एक आंतरराष्ट्रीय मंडळ घेते. ते मंडळ शिकवत नाही, फक्त ज्ञान तपासते. उत्तीर्ण झाल्यावर मिळणारी मान्यता कायमची नसते, ठरावीक वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते.

इथे घोटाळा होतो. अनेक तरुण कर्मचाऱ्यांना वाटते, कार्ड खिशात आले की आपण टॅक्टिकल मेडिक झालो. तसे नाही. कार्ड कुणाला पोलीस पथकात नेमत नाही आणि परवान्याबाहेरचा उपचार करण्याची मुभाही देत नाही. त्यासाठी नेमणारी संस्था लागते, जबाबदार डॉक्टर लागतो आणि पोलिसांबरोबर वारंवार केलेला सराव लागतो. हाताची सवय काही महिन्यांतच मंदावते. वर्षभर पट्टा हातात न धरलेल्या माणसाचे प्रमाणपत्र जखमीच्या उपयोगाचे नसते.

आपल्या घरापर्यंत

१५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत दोन बॉम्ब फुटले. ३ जण जागीच गेले, २६० हून अधिक जखमी झाले. पण जे रुग्णालयापर्यंत पोहोचले ते सगळे वाचले. आसपासच्या लोकांनी पट्टे, कपडे, मिळेल ते वापरून रक्त थांबवण्यासाठी धडपड केली होती. २०१५ साली अमेरिकेत सामान्य नागरिकांना रक्तस्राव थांबवायला शिकवणारी मोहीम सुरू झाली. टॅक्टिकल मेडिकचे सर्वांत महत्त्वाचे कौशल्य आता शिक्षक, दुकानदार आणि गृहिणीही शिकतात.

वाचकहो, आपल्याकडे शाळेत गोळीबार क्वचितच होतो, पण रक्त आपल्याही घरात सांडते. बकरी ईदच्या दिवशी कुर्बानी करताना सुरी निसटते. कारखान्यात ग्राइंडरचे पाते तुटते. रस्त्यावर दुचाकीवरून मुलगा पडतो. १०८ ला फोन केल्यावर अॅम्ब्युलन्स येते, पण तिला यायला वेळ लागतो. तोवरची मिनिटे आपली असतात.

आधी स्वतःची सुरक्षितता पाहा. मशीन बंद करा, रस्त्यावरची वाहने थांबवा. मग स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबा. रक्त थांबले का हे पाहायला सारखे कापड उचलू नका. भिजले तर वर दुसरे ठेवा आणि दाब सोडू नका. हळद, कॉफी, राख जखमेत भरू नका. शरीरात घुसलेली वस्तू उपसू नका, तिच्या कडेने दाबा. हातापायातून रक्त उसळतच असेल आणि टूर्निकेट जवळ असेल, वापरायचे शिकलेले असेल, तरच ते जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून आवळा आणि वेळ लिहून ठेवा. आणि सापाने चावा घेतला असेल तर काहीही आवळून बांधू नका. तिथे पट्टा अपायच करतो.

पोलिसांच्या भानगडीत नको, म्हणून अनेकजण अपघातस्थळावरून निघून जातात. २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्यामुळे कायद्याचे संरक्षण आहे आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. ही गोष्ट घरातल्या तरुणांना आवर्जून सांगा.

कोलंबाइनच्या त्या वर्गातील मुलांकडे गॉझ नव्हता, टूर्निकेट नव्हते, प्रमाणपत्रही नव्हते. तरी त्यांनी शर्ट काढले आणि दाबून धरले. त्यांनी जे केले ते बरोबरच होते. कमी पडले ते त्यांच्यापर्यंत पोहोचणारे माणूस. ते माणूस तयार करण्याचे काम प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांचे आहे. पण ते येईपर्यंत दाबून धरणारे हात प्रत्येक घरात असायला हवेत.